‘उफुन’ म्हणजे चार

या वेळचं पत्र मेळघाटातून आलं आहे. चांगलं चार पानी आहे, म्हणून थोडक्यात देते. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

“बाई, मी सत्तावीस वर्षांची, कोरकू समाजाची. डीएड केलं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी) दिली आणि २०२४ च्या भरतीत एसटी प्रवर्गातून शिक्षणसेवक, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावरची शिक्षिका, म्हणून लागले. शाळा मेळघाटातच मिळाली. पहिली-दुसरी माझ्याकडे आहे. वर्गात मी आधी कोरकूत बोलते, मग मराठीत. मुख्याध्यापक सर म्हणतात, ‘मॅडम, मराठीच बोला, पोरं मागं राहतील. तपासणीला कोणी आलं तर मी काय उत्तर देऊ?’ पालकही म्हणतात, ‘कोरकू आम्हाला येते, ती शिकवायला पगार घेता का?’ एक सहकारी हसत हसत टोमणा मारतात, ‘तुमचं बरं आहे, कमी मार्कांत जमतं.’ पण आरोग्य केंद्रात, सर्वेक्षणात, पंचायतीत, कुठंही कोरकू समजणारं माणूस लागलं की निरोप मलाच येतो. सध्या लग्नाचं ठरतंय. मुलगा अमरावतीला नोकरी करतो. सपाटीवर बदली मागावी असं फार वाटतं. पण आमच्यातले शिकलेले लोक म्हणतात, तूच निघून गेलीस तर या पोरांना कोण? कोरकू पोरांना कोरकू माणूसच शिकवू शकतो, हे मलाही पटतं. मग बदली मागितली तर मी गद्दार ठरते का? आणि मला इथं शिक्षक म्हणून ठेवलंय की कोरकू म्हणून?”

तुला एकेरीत लिहिते, रागावू नकोस. माझी धाकटी लेक तुझ्याहून मोठी आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू निवांत वाचशील. नाही, तू गद्दार ठरत नाहीस. दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल, कारण त्यात माझंही एक जुनं दुखणं आहे.

१९८९ साली मी चिखलदरा तालुक्यात एका दोनशिक्षकी शाळेवर रुजू झाले. वर्धा जिल्ह्यातली मुलगी, डीएडला पहिल्या वर्गात पास, नवीन खडू, नवीन छडी. कोरकूचा एक शब्द येत नव्हता आणि यायला हवा असं कुणी सांगितलंही नव्हतं. पहिलीतल्या एका पोरापुढे चार खडे मांडले आणि विचारलं, “किती?” तो म्हणाला, “उफुन.” मी म्हटलं, “नीट सांग.” त्यानं पुन्हा “उफुन” म्हटलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो काही बोललाच नाही, खाली बघत बसला. मी हजेरीपटाच्या मागे नोंद केली: गणितात कच्चा, हट्टी.

दिवाळीच्या आधी आठवडी बाजारात अंडी घ्यायला गेले. कोरकू बाई एकेक अंडं माझ्या पिशवीत ठेवत मोजत होती. मिया, बारिया, आफई. चौथं अंडं ठेवताना ती म्हणाली, “उफुन.” बाजारातच मी मटकन खाली बसले. लोकांना वाटलं, मॅडमला चक्कर आली. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तो पोरगा आईबापांबरोबर कामाला बाहेर गेला होता. त्या वर्षी परत आला नाही. पुढच्या वर्षी माझी खोली बदलली, मग शाळाही. त्याचं बरोबर होतं हे त्याला सांगायचं राहून गेलं.

हे मी तुला एवढ्यासाठी सांगते, की तू ज्याला साधी गोष्ट समजतेस, म्हणजे पोरगं काय बोलतंय ते कळणं, ती साधी नाही. मला ती कमवावी लागली आणि तोवर एक वर्गभर पोरांचं वर्ष गेलं.

‘आदिवासी बोली’ असं म्हणून आपल्याकडे कोरकूला मराठीच्या अंगणात बसवतात. तिचं मराठीशी रक्ताचं नातं नाही. ती मुंडा कुळातली. तिच्या बहिणी संताळी, मुंडारी. त्या तिकडे झारखंड-ओडिशात. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांहून जास्त निघाले, बरेचसे मध्य प्रदेशात, बाकी आपल्या मेळघाटात. संताळी २००३ च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत, म्हणजे संविधानातल्या मान्य भाषांच्या यादीत, गेली, कोरकू बाहेरच राहिली. मराठीत तीन लिंगं आहेत. कोरकूत मुख्य भेद सजीव-निर्जीव असा. म्हणून तुझी पोरं ‘बाई आला’, ‘आई गेला’ म्हणतात आणि तपासणीला आलेला साहेब हसतो. कोरकूत द्विवचन आहे, जे संस्कृतात होतं आणि मराठीनं टाकून दिलं. म्हणजे हसायचंच असेल तर दुसऱ्या बाजूनंही हसता येईल. कोरकू पोराला पहिल्या दिवसापासून मराठीतून शिकवणं म्हणजे पुण्यातल्या पोराला चेन्नईच्या तमिळ शाळेत बसवून चौथ्या महिन्यात ‘मागे आहे’ असा शेरा मारणं. वऱ्हाडी बोलणारं पोर आणि पुस्तकी मराठी यांच्यातलं अंतर निराळं. ते एका नाल्याएवढं असतं. इथं मध्ये तापी आहे.

आता त्या टोमणेवाल्या सहकाऱ्याकडे येऊ. टीईटीच्या पहिल्या पेपरात पाच भाग असतात, प्रत्येकी ३० गुणांचे: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास. एकूण १५०. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के लागतात, राखीवला ५५. हे पाच टक्के त्यांना दिसतात. न दिसणारी गोष्ट अशी, की त्या दीडशे प्रश्नांत कोरकूचा एकही नसतो. गोंडीचा, भिलीचा, वारलीचाही नसतो. टेटचे २०० गुण अभियोग्यता आणि बुद्धिमत्तेचे. दोन्ही परीक्षांत अव्वल आलेला माणूस पहिलीतल्या पोराला कोरकूत ‘पाणी प्यायचंय का’ एवढं विचारू शकेल, याची काही हमी नाही. ज्या कामासाठी माणूस घ्यायचा, त्या कामातली सर्वात अवघड गोष्ट परीक्षेत विचारायचीच नाही आणि मग निकालाला गुणवत्ता म्हणायचं! पुढच्या वेळी ते हसले की तूही हसून म्हण, “सर, टीईटीत कोरकूचे तीस गुण असते, तर यादी उलटी लागली असती.” एकदाच म्हण. दुसऱ्यांदा म्हटलंस तर भांडण होईल, आणि दोन खोल्यांच्या शाळेत भांडण परवडत नाही.

मुख्याध्यापकांबद्दल माझं मत तुझ्यापेक्षा मऊ आहे. मी नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, झाले, त्यामुळे ती खुर्ची मला ठाऊक आहे. त्यांना कोरकूचा राग नाही, त्यांना तपासणीची भीती आहे. माणूस घाबरलेला असला की त्याच्याशी वाद घालू नये, त्याच्या हाती कागद द्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की शिक्षणाचं माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावं. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं संविधानात ३५० अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी, असं ते राज्यांना सांगतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर निदान पाचवीपर्यंत, जमेल तिथं, घरची भाषा म्हटलं आहे. या तिन्हींच्या छायाप्रती काढ, शाळेच्या फायलीत लाव आणि सरांना सांग, “कुणी विचारलं तर हे दाखवा, जबाबदारी माझी.” आणि ‘मी कोरकू शिकवते’ हे वाक्य यापुढे तोंडात आणू नकोस. ‘मी कोरकूतून मराठी शिकवते’ असं म्हण. तू करतेस ते तेच आहे, फक्त नाव चुकीचं लावलं आहेस.

पालकांचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. ते तुझे विरोधक नाहीत आणि मागासही नाहीत. वीटभट्टीच्या हिशोबात बाप मराठीत फसवला गेला आहे. तलाठ्याकडे, दवाखान्यात, एसटीच्या खिडकीवर त्याला मराठीतच गप्प बसवलं गेलं आहे. त्याला पोराच्या तोंडी मराठी हवी, जमलं तर इंग्रजीही हवी, यात चूक काय? त्याला भाषण नको, पुरावा हवा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानंच तीन चतुर्थांश पालक असतात. पुढच्या सभेला दुसरीतली चार पोरं उभी कर. मराठी पुस्तकातला न शिकवलेला परिच्छेद वाचायला दे, आणि वाचल्यावर त्याचा अर्थ कोरकूत आईला सांगायला लाव. नुसतं घडाघडा वाचणारी पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. वाचलेलं समजलेलं पोर पाहिलं की बाप काय ते समजतो. त्या सभेचं इतिवृत्त नीट लिही. ते पुढं कामाला येईल, कशाला ते खाली सांगते.

जूनमध्ये किती कोरकू, किती मराठी, याचा तुझा काही आराखडा असेलच. नसला तर कर. पावसाळाभर बहुतेक कोरकू, दिवाळीनंतर निम्मं-निम्मं, दुसरीच्या शेवटी बहुतेक मराठी, असं काहीतरी. आकड्यांवर अडून बसू नकोस. पण तुझ्या मनातला हा उतार कागदावर असला, की सरांना आणि पालकांना दिसतं की पोरं कोरकूत अडकून पडणार नाहीत.

आता तुझं जे वाक्य मला सर्वात जास्त टोचलं, त्यावर बोलते. ‘कोरकू पोरांना कोरकू माणूसच शिकवू शकतो.’

यात अर्ध सत्य आहे, आणि ते अर्ध फार मोठ्या माणसानं सांगितलेलं आहे. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळांच्या मास्तरांबद्दल त्यांनी काय मागितलं ते तू मुळातून वाच. मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, कारण ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायला त्यांना लाज वाटू नये. शिकवणारी बहुतेक माणसं एकाच जातीतली आहेत आणि ती पोरांपासून अंतर राखून असतात, ही त्यांची तक्रार होती. एकशेचाळीस वर्षं झाली त्या निवेदनाला. आज ‘शिक्षकांमधलं वैविध्य’ वगैरे शब्द परिसंवादांत ऐकू येतात तेव्हा मला तो वाकस आठवतो.

आकडेवाल्यांनीही आता हे मोजलं आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या शाळांवरच्या २०१० च्या एका अभ्यासात दिसलं की शिक्षक आणि मूल यांची जात, धर्म किंवा लिंग जुळतं, तेव्हा मुलाचे गुण वाढतात. अमेरिकेत तर उलट्या बाजूचा धडा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राउन निकालानं गोऱ्या-काळ्या पोरांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या, फार चांगलं झालं. पण दक्षिणेत पोरं एकत्र आणताना काळ्यांच्या शाळा बंद केल्या आणि त्यांतल्या हजारो काळ्या शिक्षकांना घरी बसवलं. पोरं मिसळली, शिक्षकखोली गोरीच राहिली. आपल्याकडे आदिवासी पोरांना नामांकित इंग्रजी निवासी शाळांत पाठवायची योजना आहे. तिथल्या शिक्षकखोलीत आदिवासी माणसं किती, हा प्रश्न मी आजवर एकाही बैठकीत ऐकलेला नाही. आणि मी बैठका पुष्कळ बसले आहे, चहा-बिस्किटांसकट.

तर हे अर्ध सत्य. उरलेलं अर्ध असं, की ‘कोरकूच’ म्हटलं की दोन दारं एकदम बंद होतात. एक माझ्यासारखीचं: जी बाहेरून आली, आधी चुकली, मग बाजारात बसून शिकली. पाचव्या वर्षी मी कोरकूत गोष्ट सांगत होते, मोडकीतोडकी, पोरं माझे उच्चार सुधारायची आणि खूश व्हायची. तुझ्या शाळेतल्या बाकी लोकांना ‘तुम्हाला जमायचं नाही’ असं म्हटलंस, तर त्यांना तेच हवं आहे. ते म्हणतील, बरं, मॅडम आहेत ना. दुसरं दार तुझंच. तुझी जागा फक्त मेळघाटात, असं एकदा ठरलं की अमरावतीच्या, नागपूरच्या शाळांना सुटल्यासारखं होतं. तिथल्या देशमुख-कुलकर्ण्यांच्या, शेख-पाटलांच्या पोरांनी कोरकू बाईंच्या हातून गणित शिकायला नको का? माझ्या नातवाला पहिलीत आदिवासी शिक्षिका असती, तर तो आज ‘आदिवासी म्हणजे पिसं लावून नाचणारे’ असं स्नेहसंमेलनातून शिकून आला नसता.

कायद्याच्या अंगणातही ही ओढाताण चालली आहे, आणि तू त्यातूनच इथवर आलीस म्हणून सांगते. २०१४ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेनं पेसा क्षेत्रातली, म्हणजे आदिवासी पंचायतींच्या कायद्याखाली येणाऱ्या भागातली, शिक्षकांसह काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी ठेवली. आंध्रात २००० सालापासून अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकपदांना शंभर टक्के आदिवासी आरक्षण होतं. ते एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतर आपल्याकडची पेसा भरतीही न्यायालयाच्या दारात अडकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्षांसह काही आमदारांनी निषेध म्हणून मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या, त्यात अडकलेली ही भरती करा, ही एक मागणी होती. पुढे निवड झालेल्यांना मानधनावर तात्पुरतं घ्यायचा तोडगा निघाला. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल मला पूर्ण पटत नाही. पण त्यावर नुसता संताप करण्यापेक्षा एक वाट मोकळी आहे, ती आपण वापरत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. ती वाट भाषेची. उमेदवार कुठल्या जमातीचा हे विचारण्याबरोबरच, इथली भाषा येते का हे विचारा. तोंडी परीक्षा घ्या, वर्गात उभं करून पाठ घ्यायला लावा. जिला ती येते तिला गुण द्या, येत नसेल त्याला शिकायला एक वर्ष द्या. ओडिशानं २००६-०७ पासून संताळी, सौरा, कुई अशा भाषांत पहिलीची पुस्तकं केली, त्या भाषा जाणणारे शिक्षक त्यासाठीच घेतले, आणि आता हा आकडा एकवीस भाषांवर गेला आहे. तिथंही सगळं गोड चाललंय असं नाही. पण पद निर्माण झालं की निदान भांडता येतं. आपल्या राष्ट्रीय धोरणातही लिहिलंय, शिक्षक निवडताना वर्गातला पाठ किंवा मुलाखत घ्यावी आणि स्थानिक भाषेवरची पकड पाहावी. गावाकडच्या हुशार मुलांना, त्यातही मुलींना, शिष्यवृत्ती देऊन त्यांच्याच भागात नोकरी द्यावी. छापील पान सुंदर आहे.

हे सगळं तुझ्या प्रश्नाशी कसं जोडलेलं आहे, ते आता सांगते. तू विचारतेस, मला शिक्षक म्हणून ठेवलंय की कोरकू म्हणून. ज्यांनी ठेवलं त्यांनी कदाचित यातला काहीच विचार केलेला नाही. यादीत नाव आलं, जागा रिकामी होती. पण तू स्वतः दोन्हींत फरक करतेस तिथं माझी हरकत आहे. तुझी कोरकू ही तुझ्या जन्माची खूण आहे, ती तुझी तू सांभाळ, त्यावर माझा काही अधिकार नाही. वर्गात मात्र ती कौशल्य आहे, जशी फळ्यावरची सुबक अक्षरं किंवा अपूर्णांक समजावण्याची हातोटी. कौशल्य दुसऱ्याला शिकवता येतं, नोंदवता येतं, त्याचा मोबदला मागता येतो. आणि कौशल्यवान माणसाची बदली झाली तर त्याला कुणी गद्दार म्हणत नाही. साहेबांना विचारतात, त्यांच्या जागी कोण येणार? तुझ्या समाजातल्या शिकलेल्या लोकांनी हा प्रश्न तुला विचारला. तो जिल्हा परिषदेला विचारायचा होता.

(त्या शिकलेल्या लोकांपैकी किती जण स्वतः मेळघाटात, धारणीत राहतात, तेही एकदा मोजून बघ. हे मी तिरकसपणे म्हणतेय, कळेलच.)

दुभाषेगिरीचं वेगळं. आरोग्य केंद्रात बाळंतीण अडलीय आणि नर्सला भाषा समजत नाही, तर धावत जा, तिथं कलम-बिलम आठवू नकोस. पण सर्वेक्षणाला, शिबिराला, साहेबांच्या दौऱ्याला शाळेच्या वेळात बोलावलं तर ‘लेखी आदेश द्या सर’ एवढं म्हण. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षणाबाहेरच्या कामांना लावायला मनाई करतं. निम्मे निरोप लेखी आदेश मागताच विरतात, हा माझा अनुभव. उरलेल्या निम्म्यांची एका वहीत तारीखवार नोंद ठेव: कोणी बोलावलं, किती तास, वर्ग कुणाकडे होता. रडगाणं म्हणून ठेवू नकोस. ‘या केंद्रात कोरकू जाणणाऱ्या माणसाची किती गरज आहे’ याचा तो पुरावा आहे, आणि तो तुझ्याइतका नेमका कुणाकडेच नसेल.

आता बदली. शिक्षणसेवकाची तीन वर्षं २०२७ मध्ये पुरी होतील, तेव्हा तू सोळा हजारांच्या मानधनावरून वेतनश्रेणीत येशील. माझा सल्ला: तोवर बदलीचा विषय मनातूनही काढ. त्यानंतर, शाळा अवघड क्षेत्रात मोडत असेल आणि तिथं तीन वर्षं झाली असतील, तर बदली अधिकारप्राप्त शिक्षक म्हणून अर्ज करता येतो. मुलगा कुठल्या नोकरीत आहे ते तू लिहिलं नाहीस. सरकारी-निमसरकारी असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणाचा संवर्ग आहे; खासगीत असेल तर त्याचा भरवसा धरू नकोस. नियम दर हंगामाला बदलतात, त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः वाच, संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विसंबू नकोस. आणि त्या मुलाला आत्ताच सांग की निदान दीड-दोन वर्षं तू घाटावर असशील. लग्नाआधी हे ऐकून त्याचा चेहरा कसा होतो, ते माझ्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडेल.

बदली मागायचीच, तर मोकळ्या मनानं माग. ‘अमरावतीत राहायचंय’ हे कारण पुरेसं आहे. माझ्या बरोबरीच्या शेकडो लोकांनी मेळघाटातून खाली यायला काय काय खटपटी केल्या, कुणाकुणाची प्रमाणपत्रं आणली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना कुणी समाजाची आठवण करून दिली नाही. तूच का जन्मभर हिशोब द्यायचा?

जाशील तेव्हा मात्र रिकाम्या हातानं खाली उतरू नकोस, म्हणजे असं, की तुझं काम तुझ्याबरोबर निघून जाता कामा नये. आता ते इतिवृत्त आणि ती वही काढ. तुमच्या केंद्राची शिक्षण परिषद होते ना, तिथं अर्धा तास माग. भाषण करू नकोस. एक पाठ घेऊन दाखव: चार खडे, कोरकूतून मराठीकडे. वर्गात रोज लागणारे शंभरेक शब्द आणि वाक्यं देवनागरीत लिहून सगळ्यांना वाट: पाणी, लघवी, पोट दुखतंय, समजलं का, परत सांग, घाबरू नको. मग सभेचं इतिवृत्त, वहीतल्या नोंदी आणि ही यादी एकत्र करून केंद्रप्रमुखांमार्फत डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) पाठव, सोबत दोन ओळींचं पत्र: इथं कोरकू येणारा शिक्षक असावा, आणि नव्यानं येणाऱ्याला महिनाभर कोरकूचं प्रशिक्षण असावं. पोच घे. उत्तर येईल याची आशा फार धरू नकोस. पण पुढच्या वर्षी कुणी त्या वरच्या खुर्चीवर जरा जागं माणूस आलं, तर त्याच्या टेबलावर काहीतरी असायला हवं. मी दोनदा अशी पत्रं पाठवली होती, पोच न घेता. तेव्हा अक्कल नव्हती.

त्या टोमणेवाल्या सरांनाही शंभर शब्दांची यादी दे. पहिली प्रत त्यांनाच दे.

शिक्षण परिषदेची तारीख ठरली की कळव. अमरावतीहून परतवाड्यापर्यंत मी येईन एसटीनं, गुडघे अजून तेवढे चालतात. पुढे सेमाडोहच्या वळणांवर मला गाडी लागते, तेव्हा स्टँडवर घ्यायला येताना एक लिंबू आण. आणि उफुनच्या पुढचं मोनोई बरोबर म्हणतेय का मी, ते तेव्हा तपासून दे.